हसविणाऱ्याचे स्मरण

मृताविषयी चांगलेच बोलावे, असा संकेत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लॅटिन भाषेतही त्या अर्थाची म्हण आहे. संकेत सभ्य आहे आणि सोयीचाही आहे; परंतु सत्याला आणि प्रीतीला तो पुरेसा पडतो काय, हा प्रश्न उरतोच. ज्याने कोट्यवधी लोकांना हसविले आणि ज्याचे खाजगी आयुष्य मात्र व्यसन, मोडलेले संसार आणि आजार यांनी ग्रासलेले होते, अशा माणसाचे स्मरण आपण कसे करावे? त्याच्या दुःखावर पांघरूण घातले तर स्मरण खोटे होते. त्याचे दुःखच उगाळीत बसलो तर त्याने दिलेल्या आनंदाशी आपण कृतघ्न होतो. या पेचाचा विचार एखाद्या खऱ्या माणसाला समोर ठेवून करावा, म्हणून आम्ही अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स यांचे उदाहरण घेत आहोत.

हे नाव आपल्या तरुण वाचकांना ठाऊक असेल. वडीलधाऱ्यांना नाव ओळखीचे नसले तरी त्यांचे काम कोणत्या ना कोणत्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असते. १९९७ साली आलेला कमल हासन यांचा 'चाची ४२०' अनेकांनी सहकुटुंब पाहिला असेल. पत्नीपासून दुरावलेला बाप आपल्या लेकराच्या सहवासासाठी स्त्रीवेष घेतो आणि स्वतःच्याच मुलीची दाई होऊन राहतो, ही कल्पना १९९३ च्या 'मिसेस डाउटफायर' या अमेरिकन चित्रपटातून आलेली होती. त्या मूळ चित्रपटातील बाप म्हणजे रॉबिन विल्यम्स. मुलांना आवडलेला 'जुमांजी' हा चित्रपट (१९९५) त्यांचाच, आणि 'अलादीन' या व्यंगपटातील (१९९२) दिव्यातल्या जिनीचा आवाजही त्यांचाच.

त्यांचा जन्म २१ जुलै १९५१ रोजी शिकागो येथे झाला. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या विख्यात संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. १९७८ साली सुरू झालेल्या 'मॉर्क अँड मिंडी' या दूरदर्शन मालिकेत परग्रहावरून आलेल्या पाहुण्याची भूमिका त्यांना मिळाली आणि ते घराघरांत पोहोचले. क्षणार्धात आवाज बदलणे, संहिता बाजूला सारून मनाला येईल ते बोलत सुटणे आणि तरीही प्रत्येक वाक्यागणिक हशा पिकविणे, ही त्यांची हातोटी होती. गंभीर भूमिकांतही ते कमी पडले नाहीत. 'डेड पोएट्स सोसायटी' (१९८९) मधील शिक्षक आणि 'अवेकनिंग्ज' (१९९०) मधील मेंदूविकारांचा डॉक्टर अनेकांच्या स्मरणात आहेत. 'गुड विल हंटिंग' (१९९७) मध्ये लहानपणी मारहाण सोसलेल्या एका तरुणाला, जे घडले त्यात तुझा अपराध नव्हता, हे पुन्हा पुन्हा समजावून सांगणारा मानसोपचारतज्ज्ञ त्यांनी उभा केला. त्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आता दुसरी बाजू. ती लपविण्याचे कारण नाही. कारण विल्यम्स यांनी स्वतःच ती लपविली नाही. रंगमंचावर उभे राहून आपल्या व्यसनाची टवाळी त्यांनी स्वतःच केली. कीर्ती दाराशी आली तेव्हा तिच्या पाठोपाठ कोकेन आणि दारूही आत आली. ५ मार्च १९८२ रोजी जॉन बेलुशी हा विनोदी नट मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने मरण पावला. त्याच रात्री थोडा वेळ विल्यम्स त्याच्या खोलीवर जाऊन आले होते. हा धक्का आणि पुढच्या वर्षी झालेला पहिल्या मुलाचा जन्म, या दोन गोष्टींनी त्यांना सावध केले. पुढची सुमारे वीस वर्षे ते व्यसनापासून दूर राहिले. २००३ साली, अलास्कात कामानिमित्त मुक्काम असताना, दारू पुन्हा सुरू झाली आणि २००६ मध्ये त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावे लागले. त्यांचा पहिला विवाह १९८८ साली आणि दुसरा २०१० साली घटस्फोटात संपला. २००९ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली. २०११ मध्ये त्यांनी तिसरा विवाह केला. ११ ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील आपल्या राहत्या घरी त्यांनी आत्महत्या केली.

आमच्या विवेचनाला खरी सुरुवात होते ती येथून. बातमी कळताच जगभर हळहळ व्यक्त झाली, आणि हळहळीच्या मागोमाग खुलासे आले. कोणी म्हणाले, व्यसन शेवटी माणसाला खातेच. कोणी घटस्फोटांचा आणि पैशाच्या विवंचनेचा हिशेब मांडला. कोणी श्रद्धेच्या अभावाकडे बोट दाखविले. परंतु सर्वांत लोकप्रिय ठरला तो एक जुनाच खुलासा : विदूषक वरून हसतो आणि आतून रडत असतो. हा समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. जोसेफ ग्रिमाल्डी हा लंडनचा एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध विदूषक. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, उदासीनतेने ग्रासलेला एक रोगी डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याला ग्रिमाल्डीचा खेळ पाहण्याचा सल्ला दिला. आणि तो रोगी स्वतः ग्रिमाल्डीच निघाला. आपल्याकडे राज कपूर यांच्या 'मेरा नाम जोकर' ने १९७० साली हेच चित्र कायमचे ठसविले. म्हणून विल्यम्स यांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा लोकांपाशी कथा तयारच होती. तिच्यात केवळ नाव भरावयाचे राहिले होते.

पुढे वैद्यकीय अहवाल आला आणि तो निराळेच सांगू लागला. त्यांच्या शरीरात मद्याचा किंवा बेकायदा मादक द्रव्यांचा अंश आढळला नाही. मेंदूत मात्र 'ल्युई बॉडी' या नावाने ओळखला जाणारा रोग सर्वदूर पसरलेला दिसला. या रोगात एका प्रथिनाच्या सूक्ष्म गाठी मेंदूच्या पेशींत साचत जातात. झोप, हालचाल, स्मृती, भावना, निर्णयशक्ती अशा सर्वांवर त्यांचा घाला पडतो; रोगी भयाने आणि संशयाने घेरला जातो. त्यांच्या पत्नीने २०१६ साली 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात त्या अखेरच्या महिन्यांचा वृत्तांत लिहिला आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेकडो वाक्ये न अडखळता म्हणणारा हा नट २०१४ च्या एप्रिलमध्ये एका चित्रपटातील एखाददुसरे वाक्यही आठवू शकत नव्हता. मे महिन्यात डॉक्टरांनी पार्किन्सन या रोगाचे निदान केले. खऱ्या रोगाचे नाव पत्नीला कळले ते मृत्यूनंतर. विल्यम्स यांना ते कधीच कळले नाही. ज्या शत्रूचे नावही ठाऊक नव्हते त्याच्याशी तो मनुष्य महिनोन्‌महिने झुंजत होता, आणि तो गेल्यावर काही तासांच्या आत जग त्याच्या मृत्यूचे कारण आत्मविश्वासाने सांगत होते.

माणसाला असे खुलासे का हवे असतात? आम्हांला वाटते, खुलासा हा बहुधा मृतासाठी नसतो. तो आपल्या स्वतःच्या निर्धास्तपणासाठी असतो. 'तो व्यसनी होता म्हणून असे झाले' असे एकदा म्हटले की, आम्ही व्यसनी नाही, आमच्या घरी असे होणार नाही, अशी ग्वाही मनाला मिळते. ईयोबाचे मित्र असेच होते. ते प्रथम आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसून राहिले, आणि त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे सत्कृत्य तेच. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधावयास प्रारंभ केला. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर ईयोबावर नव्हे, या खुलासे करणाऱ्यांवर रागावतो. योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनाही हाच प्रश्न पडतो की, दोष कोणाचा, त्याचा की त्याच्या आईबापांचा? प्रभू येशू दोन्ही उत्तरे नाकारतो आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांना हात लावतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'सारा दोष रोगाचा' हाही एक सोयीचा खुलासा होऊ शकतो. रोगाने अखेरच्या काळावर प्रकाश पडतो. सबंध आयुष्यावर पडत नाही. तारुण्यातील उधळपट्टी, पुन्हा जवळ केलेली दारू, दोन संसारांची ताटातूट, यांत रोगाच्या आधीची माणसाची निवडही होती, आणि तिची झळ पत्नीला व मुलांना लागली असणार. नीतिशास्त्र शिकलेला कोणीही ते पुसून टाकणार नाही. मात्र दोष होते म्हणून रोग झाला असे नाही, आणि रोग झाला म्हणून दोष नव्हते असेही नाही. शिवाय दोषांच्या हिशेबात वीस वर्षांचा संयमही मांडला पाहिजे, आणि पडल्यावर उठून उपचारासाठी स्वतःच्या पायांनी चालत जाणेही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे ठाऊक असते की, पडणे एका क्षणाचे असते आणि उठणे वर्षानुवर्षांचे. पण शेजारपाजाऱ्यांच्या लक्षात राहते ते पडणेच.

मग त्यांनी दिलेले हसू खोटे होते काय? दुःखी माणसाने दिलेला आनंद हा मुखवटाच समजावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या ख्रिस्तसभेत डोनाटस याच्या अनुयायांनी मोठा वाद उभा केला होता. अपात्र धर्मगुरूच्या हातून दिलेला संस्कार व्यर्थ होय, असे त्यांचे म्हणणे. संत ऑगस्टीन यांनी त्याचे खंडन केले : दान देणारा ख्रिस्त आहे, म्हणून हाताच्या मळाने दान मलिन होत नाही. विनोद हा संस्कार नव्हे, आणि ही तुलना आम्ही मर्यादेनेच करीत आहोत. तरीही तिच्यातून एक गोष्ट समजते. देणाऱ्याच्या अंतःकरणात काय चालले आहे यावर दानाचे खरेपण अवलंबून नसते. ज्या ओंजळीतून पाणी मिळाले ती थरथरत होती म्हणून आपली तहान भागली नाही, असे आपण म्हणत नाही.

हसविणे ही कामगिरी हलकी नाही, हेही आपल्या परंपरेने ओळखले आहे. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात क्रीडा आणि विनोद यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. सदैव ताणून ठेवलेले धनुष्य जसे मोडते तसे विसावा न मिळालेले मन मोडते, हा प्रेषित योहानाच्या आख्यायिकेतील दृष्टान्त ते तेथे देतात, आणि माणसांना मनोविश्रांती देणाऱ्या नटाचा व्यवसाय मुळात पापमय नाही असा निर्वाळा देतात. विल्यम्स यांच्या जीवनात याचे प्रत्यंतर पाहावयास मिळते. ज्युलियार्डमधील त्यांचा सोबती ख्रिस्तोफर रीव्ह, ज्याला जग 'सुपरमॅन' म्हणून ओळखत होते, १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. शस्त्रक्रियेची वाट पाहत तो खाटेवर पडला असता, शस्त्रक्रियेचा झगा चढविलेला एक विक्षिप्त डॉक्टर रशियन ढंगात बडबडत खोलीत शिरला. ते विल्यम्स होते. अपघातानंतर आपण प्रथमच हसलो आणि पुढे जगता येईल असे वाटले, अशी साक्ष रीव्ह यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. अमेरिकेतील बेघरांसाठी निधी जमविण्याकरिता १९८६ पासून बिली क्रिस्टल आणि व्हूपी गोल्डबर्ग यांच्यासमवेत विल्यम्स उभे राहिले. इराक आणि अफगाणिस्तानातील सैनिकांना हसविण्यासाठीही ते गेले. ही कृत्ये त्यांच्या दुःखाचा मुखवटा नव्हती. दुःखाइतकीच तीही त्यांची स्वतःची होती.

आता या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे आपण वळू. आत्महत्येने गेलेल्या माणसाचे स्मरण करणे हा केवळ दूरदेशीच्या नटाचा प्रश्न नाही. आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत. तेथे महिन्याच्या मिस्साला माणसे येतात, पण मृताचे नाव घेताना आवाज खाली येतो. आई लोकांच्या नजरा चुकवीत शेवटच्या बाकावर बसते. या कुजबुजीला इतिहास आहे. १९१७ च्या विधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या विधिसंहितेत ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या कॅटेकिझमने जीवन हे परमेश्वराचे दान असून ते संपविण्याचा अधिकार आपणांस नाही, हे स्पष्ट सांगितले. आणि त्याच ठिकाणी, गंभीर मनोविकार, यातना किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही सांगितले. अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ परमेश्वरालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, ही शिकवण आज आपल्या हाती आहे. आम्हां धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हिआनी यांच्याविषयीची एक आठवण सर्वश्रुत आहे. पुलावरून उडी घेतलेल्या पतीच्या शोकात बुडालेल्या विधवेला त्यांनी सांगितले की, पुलाचा कठडा आणि पाणी यांच्या दरम्यान पश्चात्तापाला अवसर मिळाला होता. विधिसंहिता बदलून चाळीस वर्षे उलटली. आपली कुजबुज मात्र अद्याप १९१७ सालीच राहते.

परंतु करुणेलाही एक धोका असतो, आणि विल्यम्स यांच्या मृत्यूने तो उघड केला. त्याच संध्याकाळी ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या संस्थेने 'अलादीन' मधील चित्र प्रसृत करून, जिनी, आता तू मुक्त झालास, अशा आशयाचे शब्द त्यासोबत लिहिले. हेतू प्रेमाचाच होता. पण आत्महत्या रोखण्याचे कार्य करणाऱ्यांनी तत्काळ इशारा दिला की, मरण म्हणजे सुटका असे चित्र रंगविल्यास काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तीच वाट मोकळी दिसेल. हा इशारा पोकळ नव्हता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या अधिक झाल्या, म्हणजे जवळजवळ दहा टक्के अधिक. त्यांतील प्रत्येकीचे कारण तेच, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मृताविषयी आपण जे बोलतो ते जिवंत माणसे ऐकत असतात, एवढे तरी या आकड्यावरून शिकले पाहिजे. धिक्कार हा जसा अन्याय आहे, तसेच गौरवीकरण हाही अन्याय आहे. पहिला मृतावर, दुसरा जिवंतांवर.

तर मग स्मरण करावे कसे? आम्हांला सुचते ते असे. जे घडले ते लपवू नये. मात्र जे कळले नाही ते कळल्याचा आव आणू नये. मनुष्याला त्याच्या शेवटच्या दिवसाने मोजू नये. विल्यम्स यांच्या आयुष्यात सुमारे तेवीस हजार दिवस होते. त्यांतील एका दिवसाला बाकीच्या सर्वांचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणी दिला? ज्यांनी आपल्याला आनंद दिला त्यांचे ऋण मान्य करावे, आणि ऋण मान्य करण्यासाठी त्यांना संत ठरविण्याची आवश्यकता नाही, हे ओळखावे. विल्यम्स हे आपल्या कॅथोलिक परंपरेतील नव्हते, ते अमेरिकेतील एपिस्कोपल पंथात वाढलेले. तथापि मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेला पंथाची वेस नसते.

आणि एक गोष्ट जिवंतांसाठी. प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक वाड्यात एखादा तरी हसविणारा असतो. लग्नाच्या मांडवात त्याची वाट पाहिली जाते. तो आला की मैफल रंगते. त्याची प्रकृती कशी आहे, हे त्याला सहसा कोणी विचारीत नाही, कारण तो हसतो आहे हेच आपण उत्तर मानतो. प्रत्येक हसणारा मनुष्य आतून रडतो असे समजण्याचे कारण नाही. तोही आपलाच खुलासा ठरेल. मात्र त्याला विचारावे, आणि त्याने थट्टेवारी नेले तर काही दिवसांनी पुन्हा विचारावे. झोप उडाली असेल, स्मृती दगा देत असेल, भय घेरत असेल, तर त्याला केवळ जपमाळ करण्याचा उपदेश करून परत पाठवू नये. डॉक्टरकडे सोबत जावे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य देऊ केले आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक घरात लिहून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जातो, कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांची नावे वेदीपाशी वाचावयास देतो. त्या यादीत केवळ नावे असतात. कोण कसा गेला, कोणाचा दोष किती, याचा रकाना तिच्यात नाही. ख्रिस्तसभेने तो ठेवला नाही. आपणही आपल्या बोलण्यात तो घालू नये. ज्याने आपल्याला हसविले त्याचे नाव त्या यादीत मोठ्या अक्षरांत लिहावे, ते वाचले जाताना मान खाली घालू नये, आणि घरी परतल्यावर त्याचा एखादा विनोद मुलांना अवश्य सांगावा.